मोहरी फेसली की नाकात का जाते?

फोडणीत मोहरी तडतडली की घरभर खमंग वास सुटतो, पण कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. त्याच डब्यातली तीच मोहरी खलात घ्या, चमचाभर पाणी घाला आणि फेसायला लागा. थोड्याच वेळात असा झणका उठतो की फेसणारा मान वळवून श्वास घेतो. भोपळ्याच्या रायत्याला, लोणच्याला हाच झणका हवा असतो, म्हणून तर एवढा खटाटोप. आता कोरडी मोहरी मुठीत घेऊन नाकाशी धरा. वास जवळजवळ नाहीच.

मोहरी एकच, पण वागणूक तीन तऱ्हांची. विकरांचा धडा शिकवताना मी सुरुवात नेहमी मोहरीपासून करते. विकर काय करतं, कशानं बिघडतं, त्याला कुठे आणि कधी काम करू द्यायचं, हे बहुतेक सगळं त्या खलात दिसतं. शाळेच्या पुस्तकातलं विकर म्हणजेच आपण बोलताना म्हणतो ते एन्झाइम.

मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूत एका टोकाला ग्लुकोज असतं, आणि ते गंधकाच्या एका सांध्यानं उरलेल्या भागाला जोडलेलं असतं. सिनिग्रिन कडवट लागतं, पण झणझणीत मुळीच नाही. दाण्यातल्याच दुसऱ्या, वेगळ्या पेशींत मायरोसिनेज नावाचं विकर साठवलेलं असतं. दाणा अख्खा आहे तोवर या दोघांची गाठ पडत नाही. दाणा चिरडला की पेशी फुटतात, पाणी मिळालं की दोघं एकत्र येतात आणि मायरोसिनेज पाण्याच्या मदतीनं तो गंधकाजवळचा सांधा तोडून ग्लुकोज सुटं करतं. उरलेला तुकडा अस्थिर असतो. तो आपला आपणच मोडून नव्यानं जुळतो आणि त्यातून अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. एवढ्या लांब नावाचा हा पदार्थ म्हणजे आपला झणका. तो हवेत चटकन उडतो, म्हणून जिभेच्या आधी नाकाला कळतो.

तेव्हा मोहरीत तिखटपणा ‘असतो’ असं म्हणणं पुरतं खरं नाही. तिच्यात तिखटपणाचा कच्चा माल असतो आणि तो घडवणारा कारागीर असतो, दोघं वेगवेगळ्या खोल्यांत. फेसणं म्हणजे मधली भिंत पाडणं. कोरड्या दाण्यात भिंत शाबूत असते, म्हणून वास नाही. फोडणीत काय होतं ते जरा पुढे सांगते.

मोहरीच्या झाडाला आपल्या लोणच्याशी काही देणंघेणं नाही. ही सगळी व्यवस्था पान कुरतडणाऱ्या किड्यांसाठी आहे. किडा चावतो, पेशी फुटतात आणि घासाबरोबर झणका त्याच्या तोंडात तयार होतो. कोबी, फ्लॉवर, मुळा हे मोहरीचेच भाऊबंद. त्यांच्याकडेही याच जातीची हत्यारं असतात. कच्चा मुळा किसताना नाकाला जे जाणवतं ते हेच.

चढ आधी, उतार मग

सिनिग्रिन नुसत्या पाण्यात ठेवलं, मायरोसिनेज घातलंच नाही, तर? ऊर्जेच्या हिशोबात तुटलेले तुकडे अख्ख्या रेणूपेक्षा खालच्या पातळीवर असतात. म्हणजे तुटणं हा उतारच. तरीही ते तुटत नाही, किंवा इतकं सावकाश तुटतं की जेवायला बसलेल्याला त्याचा काही उपयोग नाही.

भोरहून महाडला जायचं असेल तर असंच होतं. भोर देशावर, महाड खाली कोकणात, जवळजवळ समुद्रसपाटीला. एकूण हिशोब उताराचाच. पण भोरहून निघालेल्या गाडीला आधी वरंधा घाटाच्या माथ्यापर्यंत चढावं लागतं. तो चढ चढल्याशिवाय पलीकडचा उतार मिळतच नाही. टाकीत तेवढं पेट्रोल नसेल तर महाड कितीही खाली असो, गाडी अलीकडेच राहणार.

रेणूंचंही तसंच आहे. जुना सांधा तुटण्याआधी तो ताणला जावा लागतो, नवा सांधा अजून धड बसलेला नसतो, आणि या अर्धवट, अवघडलेल्या स्थितीतून गेल्याशिवाय सुटका नाही. या स्थितीला संक्रमण अवस्था म्हणतात. तिथवर चढायला लागणारी ऊर्जा म्हणजे सक्रियण ऊर्जा. रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात. त्यातल्या एखाद्याला योगायोगानं पुरेसा धक्का बसला तर तो माथा ओलांडतो. प्रयोगशाळेत आपण चंचुपात्र तापवतो ते यासाठीच: धक्के जोरात बसावेत म्हणून. शरीराला ती सोय नाही. ३७ अंशांच्या आसपास राहूनच सगळं उरकायचं आहे, आणि मोहरीच्या झाडाला तर हवा असेल तेवढ्याच तापमानात.

विकर गाडीला ढकलत नाही. ते खिंड खाली आणतं.

या एका वाक्यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण ‘एन्झाइम ऊर्जा देतं’ ही समजूत फार घट्ट बसलेली आहे. औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांच्या खोक्यांवरही ती वाचायला मिळते. विकर ऊर्जा देत नाही. भोरची उंची तीच राहते, महाडची तीच राहते, फक्त मधला माथा बुटका होतो. त्यातूनच पुढची गोष्ट निघते, जी मुलांना आधी पटत नाही: खिंड बुटकी झाली की ती दोन्ही बाजूंनी बुटकी होते. महाडहून भोरला येणारी वाहतूकही तितक्याच पटीनं सोपी होते. त्यामुळे अखेरीस कोणत्या बाजूला किती गाड्या उरतील, हे विकर बदलू शकत नाही. तिथवर पोचायला लागणारा वेळ तेवढा ते बदलतं. आणि काम झाल्यावर स्वतः जसंच्या तसं उरून पुढच्या रेणूला घेतं. म्हणूनच ते उत्प्रेरक, आणि म्हणूनच चिमूटभर पुरतं.

अडकित्ता आणि डबी

खिंड खाली येते कशी, हे खरं मर्म आहे.

१८९४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी कुलूप-किल्लीची उपमा दिली. विकरावर एक खाच असते, तिच्यात ठरावीक आकाराचाच रेणू बसतो, दुसरा बसत नाही. एकच विकर एकाच कामाला का जुंपलेलं असतं हे त्यातून छान उलगडतं, आणि शाळेच्या पुस्तकात आजही हीच आकृती असते. पण एक प्रश्न तिनं सुटत नाही. किल्ली कुलपात नीट बसली, ठीक. पण मग आत गेल्यावर ती मोडली कशानं?

सुपारीचं घ्या. सुपारीच्या गोलाईवर तंतोतंत बसेल अशी डबी केली तर सुपारी तिच्यात सुखानं पडून राहील. डबी तिला जपेल. फोडायची असेल तर अडकित्ता लागतो, आणि अडकित्ता सुपारीला अख्खेपणाच्या नव्हे तर फुटायच्या बेतात आलेल्या स्थितीत धरतो. विकराची खाच डबी नव्हे, अडकित्ता आहे. ज्या रेणूवर काम करायचं त्याच्या शांत, अख्ख्या रूपाशी ती पुरती जुळत नाही. ती जुळते त्याच्या मधल्या, अवघडलेल्या रूपाशी. रेणू खाचेत शिरला की खाच त्याला त्या रूपाकडे ओढते, आणि ते रूप तिथे आलं की त्याला आधार देते: इथे विरुद्ध विद्युतभार, तिथे हायड्रोजनचा हलका बंध. बाहेर पाण्यात जी स्थिती नकोशी, महागडी होती, ती खाचेत स्वस्त होते. माथा बुटका झाला तो असा.

ही कल्पना एका दिवसात आली नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३० मध्येच लिहिलं होतं की किल्ली कुलपात अगदी बिनचूक बसत नसावी, कुलूप तिच्यावर थोडा ताण देत असावं. (हे तेच हाल्डेन, जे १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) लायनस पॉलिंग यांनी १९४६ च्या सुमारास ती गोष्ट स्वच्छ शब्दांत मांडली: खाच संक्रमण अवस्थेला जुळणारी असते. आणि डॅनियल कॉशलंड यांनी १९५८ मध्ये दाखवून दिलं की खाच दगडासारखी ताठ नसते, रेणू आत आला की तीही जरा आवळते, वळते.

पॉलिंग यांचं म्हणणं खरं असेल तर एक भाकीत करता येतं. संक्रमण अवस्थेसारखा दिसणारा एखादा नकली रेणू बनवला, तर विकर त्याला खऱ्या रेणूपेक्षाही घट्ट धरून बसेल. तसंच होतं. या गोष्टीवर कितीतरी औषधं उभी आहेत. काही विषंही. त्याकडे शेवटी वळायचं आहे, म्हणून हे लक्षात असू द्या.

मायरोसिनेजच्या खाचेत डोकावलं तर आणखी एक युक्ती दिसते. तिथे ग्लुटामेट नावाचं एक अमिनो आम्ल, म्हणजे ज्या मण्यांच्या माळेतून विकर घडतं त्यातला एक मणी, मोक्याच्या जागी बसलेलं असतं. ते पुढे होऊन सिनिग्रिनमधल्या साखरेला क्षणभर स्वतःशीच जोडून घेतं. साखरेचा हात गंधकाकडून सुटतो, झणक्याचा तुकडा निघून जातो. मग पाण्याचा एक रेणू येऊन साखरेला विकरापासून सोडवतो आणि खाच पुन्हा रिकामी होते. एका उंच खिंडीऐवजी दोन ठेंगण्या खिंडी. दुसऱ्या टप्प्यात पाण्याला जरा चेतवावं लागतं. मायरोसिनेजच्या जवळच्या नात्यातल्या विकरांत ते काम दुसरं एक ग्लुटामेट करतं. मायरोसिनेजमध्ये त्या जागी ते काम न जमणारं अमिनो आम्ल आहे. मग ते कोण करतं? क जीवनसत्त्वाचा एक रेणू खाचेशेजारी येऊन बसतो आणि तो करतो. पुष्कळ जीवनसत्त्वांचं आणि जस्त, लोह, मॅग्नेशियम यांसारख्या खनिजांचं आपल्या शरीरातलं काम हेच आहे: कुठल्या तरी विकराच्या खाचेत बसून त्याला न येणारी एखादी कळ फिरवणं.

तेलात काय बिघडतं

विकरं ही बहुतेक सगळी प्रथिनं. शेकडो अमिनो आम्लांची एक लांब माळ, आणि ती माळ स्वतःवरच दुमडून तयार झालेली गाठोडी. खाचेत शेजारी शेजारी दिसणारी अमिनो आम्लं माळेवर एकमेकांपासून खूप लांब असू शकतात. दुमडण्यामुळे ती जवळ आलेली असतात. ही घडी टिकून असते हलक्या हलक्या बंधांवर. तापमान वाढलं की माळ थरथरू लागते, बंध सुटतात, घडी उलगडते. माळ तशीच असते, एकही मणी गळलेला नसतो, पण खाच नाहीशी झालेली असते. उकडलेल्या अंड्याचं पांढरं पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे.

फोडणीच्या तेलात मोहरी पडते तेव्हा हेच होतं. तिथे पाणी नाही, आणि उष्णता इतकी की दाणा फुटून सिनिग्रिन आणि मायरोसिनेज भेटायच्या आतच मायरोसिनेजची घडी मोडलेली असते. म्हणून फोडणीची मोहरी खमंग, आणि फेसलेली झणझणीत. फेसताना पाणी कोमट चालेल. उकळतं घातलंत तर कितीही फेसा, मोहरी चढणार नाही. आंबटपणाचंही असंच. फार आम्ल असलं तरी खाचेतले विद्युतभार बदलतात आणि काम मंदावतं. लिंबू पिळायचं ते फेसून झाल्यावर. मग मात्र ते उपयोगी, कारण आंबटात तयार झालेला झणका जास्त वेळ टिकतो. आधी पाणी, मग फेसणं, शेवटी लिंबू: हा क्रम नुसत्या सवयीचा नाही.

थंडीनं विकर मरत नाही, सुस्तावतं. फ्रीजरमध्ये ठेवायचे मटार आधी उकळत्या पाण्यातून काढतात ते यामुळेच. नाही काढले तर दाण्यातली विकरं बर्फातही हळूहळू आपलं काम करत राहतात आणि दोन-तीन महिन्यांनी मटारांचा रंग आणि चव उतरते. उलट टोकाला, गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या जिवाणूंची विकरं उकळत्या पाण्याजवळच्या तापमानातही घडी मोडू देत नाहीत. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांत सापडलेल्या अशाच एका जिवाणूचं विकर पीसीआर चाचणीत डीएनएच्या प्रती काढतं. कोविडच्या काळात आपल्या नाकातून घेतलेल्या नमुन्यांची तपासणी अशाच चिवट विकरांच्या जोरावर झाली.

जिवंत की निर्जीव

मुलं हमखास विचारतात: बाई, विकर जिवंत असतं का? प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञ पन्नास वर्षं भांडले. लुई पाश्चर यांचं म्हणणं, साखरेचं मद्य होतं ते यीस्ट जिवंत असतं म्हणून. जीव गेला की काम थांबलं. दुसऱ्या बाजूचे म्हणत, ही नुसती रसायनं आहेत, जिवाचा संबंध नाही. १८७७ च्या सुमारास विल्हेल्म कुइने यांनी ‘एन्झाइम’ हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘खमिरातलं’.

वाद मिटवला एदुआर्द बुख्नर यांनी, तेही औषधाच्या शोधात असताना. यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून त्यांनी पेशींविना नुसता रस काढला. रस नासू नये म्हणून त्यात भरपूर साखर घातली, आपण मुरांब्यात घालतो तशी. रसातून बुडबुडे यायला लागले. एकही जिवंत पेशी नसताना साखरेचं मद्य आणि कार्बन डायऑक्साइड होत होतं. हे १८९७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९०७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पाश्चर मात्र १८९५ मध्येच गेले होते. बुख्नर यांच्या रसाचं ते काय म्हणाले असते, याची मला फार उत्सुकता वाटते.

विकर प्रथिनाचं असतं हे सिद्ध व्हायला आणखी तीस वर्षं गेली. अमेरिकेत जेम्स समनर नऊ वर्षं एकाच कामात गुंतले होते: अबईच्या जातीच्या दाण्यांतून युरियेज हे विकर शुद्ध रूपात वेगळं काढणं. सतरा वर्षांचे असताना शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते डावखुरे होते. एका हातानं प्रयोगशाळेत काम करू नये असा सल्ला त्यांना दिला गेला होता. १९२६ मध्ये त्यांना युरियेजचे स्फटिक मिळाले, आणि ते निव्वळ प्रथिन निघालं. तरी त्या काळच्या नामवंतांनी ते मानायला कित्येक वर्षं घेतली. नोबेल मिळालं १९४६ मध्ये. पुढे हेही कळलं की काही थोडी विकरं प्रथिनाची नसून आरएनएची असतात. पण मोहरीच्या खलात आणि आपल्या पोटात ज्यांची गाठ पडते ती प्रथिनंच.

तर मुलांना उत्तर: विकर जिवंत नसतं. दही लावणारे जिवाणू जिवंत असतात, त्यांच्या आतली विकरं नव्हेत.

किती वेगानं

आपल्या पेशींत आरएनएचे घटक बनवणाऱ्या साखळीत एक पायरी आहे, जी विकराशिवाय होऊ दिली तर निम्मे रेणू बदलायला अंदाजे ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील. त्या पायरीचं विकर तेच काम १८ मिलिसेकंदांत करतं. हा हिशोब अमेरिकेतल्या रिचर्ड वुल्फेंडन यांनी १९९५ मध्ये मांडला. वर्गात हा आकडा सांगितला की मुलं क्षणभर गप्प होतात, आणि मीही तो दरवेळी सांगताना थांबतेच.

रक्तातलं कार्बॉनिक अनहायड्रेज दुसऱ्या टोकाला. कार्बन डायऑक्साइड पाण्याशी जोडणं आणि पुन्हा सुटा करणं हे त्याचं काम, आणि ते विकराशिवायही होतं, सेकंदांच्या हिशोबात. पण फुप्फुसातल्या केशवाहिनीतून तांबडी पेशी सेकंदभराच्या आत निघून जाते, आणि तेवढ्यात तिला कार्बन डायऑक्साइड सोडायचा असतो. तेव्हा ‘होईल हळूहळू’ चालत नाही. या विकराचा एक रेणू सेकंदाला १० लाखांपर्यंत रेणू हाताळतो.

तरी वेगाला सीमा असते, आणि ती गिरणीसारखी असते. गिरणीवर एक डबा आला काय, पाच आले काय, येतील तसे दळून होतात. दळणं वाढली की रांग लागते. मग आणखी शंभर डबे आले तरी दिवसाचं पीठ तेवढंच. रेणूंची संख्या आणि विकराचा वेग यांचं हे नातं लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये बर्लिनमध्ये सूत्रात बसवलं. मेंटेन कॅनडाच्या डॉक्टर होत्या. त्या काळी समुद्र ओलांडून संशोधनाला गेलेल्या. दोघांच्या नावाचं ते समीकरण आजही जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सोडवावं लागतं.

पतंग, फवारा, आणि एक अडकलेली खाच

मोहरीच्या झणक्यानं किडे दूर राहतात, पण सगळे नाही. कोबी-फ्लॉवर लावणाऱ्यांना चौकोनी ठिपक्यांचा पतंग चांगला माहीत असतो. त्याची अळी ही पानं आनंदानं खाते. तिच्या आतड्यात स्वतःचं एक विकर असतं. ते सिनिग्रिनसारख्या रेणूंवरचा सल्फेटचा तुकडा आधीच छाटून टाकतं. तुकडा गेलेला रेणू मायरोसिनेजच्या कामाचा राहत नाही. भिंत पडते, दोघं भेटतात, पण झणका तयारच होत नाही. २००२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हे उलगडलं. झाडाचं विकर, त्याला उत्तर म्हणून किड्याचं विकर.

मग माणूस फवारा उचलतो. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशकं किड्याच्या एका वेगळ्या विकरावर घाव घालतात: अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. मज्जातंतूनं पुढच्या पेशीला निरोप दिला की तो निरोप, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन, लगेच पुसायचा, हे त्याचं काम. एक रेणू सेकंदाला हजारो निरोप पुसतो. रीत मायरोसिनेजसारखीच, दोन टप्प्यांची. खोल घळीसारख्या खाचेच्या तळाशी सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते निरोपाचा एक तुकडा स्वतःला चिकटवून घेतं, आणि पाण्याचा रेणू येऊन तो तुकडा काढून टाकतो. खाच रिकामी.

ऑर्गॅनोफॉस्फेट आत शिरतं तेव्हा पहिला टप्पा बिनतक्रार पार पडतो. सेरीनला फॉस्फेटचा तुकडा चिकटतो. आणि चिकटल्यावर तो दिसतो कसा? त्या विकराच्या संक्रमण अवस्थेसारखा. ज्या अवघडलेल्या रूपाला आधार देण्यासाठी ही खाच घडली, नेमकं तेच रूप घेऊन विष तिच्यात बसतं, आणि खाच त्याला सोडत नाही. पाण्यानं जे काम मिलिसेकंदाच्या आत करायचं, त्याला आता तास, दिवस लागतात.

हे विकर किड्यात आहे आणि आपल्यातही आहे. घडण फारशी वेगळी नाही. फवारणाऱ्याच्या अंगावर, श्वासात औषध गेलं की त्याच्या शरीरातले निरोप पुसले जात नाहीत. घाम फुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. तिथे वापरल्या गेलेल्या औषधांत याही वर्गातली होती. ती माणसं उंच वाढलेल्या कपाशीत, उघड्या अंगानं, पाठीवर पंप घेऊन दिवसचे दिवस चालत होती. विकरांचा धडा शिकवताना ती डोळ्यांसमोर आल्याशिवाय मला हा भाग शिकवता येत नाही.

त्यातला एक धोका वरून दिसत नाही. अडकलेलं विकर शरीराला नव्यानं बनवावं लागतं, आणि त्याला आठवडे लागतात. पहिल्या दिवशी थोडं अडकतं, काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. चौथ्या दिवशी तेवढंच औषध, तोच पंप, आणि माणूस कोसळतो. ‘काल तर काही झालं नव्हतं’ असं घरचे म्हणतात, ते खरंच असतं. रक्तातल्या कोलिनएस्टरेजची चाचणी केली तर हा उतार आधीच दिसतो.

उपचारात अ‍ॅट्रोपिन देतात. ते विकराला सोडवत नाही, साचलेल्या निरोपांचा गोंगाट दाबतं. अडकलेला फॉस्फेट सेरीनवरून ओढून काढण्यासाठी प्रॅलिडॉक्सिम हे दुसरं औषध आहे, पण त्याला वेळेची अट आहे. चिकटलेल्या फॉस्फेटचा एक भाग काही काळानं गळून पडतो, आणि मग तो कुणाच्याच ओढण्यानं निघत नाही; काही कीटकनाशकांत हे काही तासांत घडतं, काहींत दिवसभरानं. म्हणून फवारताना कुणाला मळमळ, घाम, अंधुक दिसणं सुरू झालं तर कपडे काढून अंग साबणपाण्यानं धुवावं आणि झाडाखाली पडून बरं वाटायची वाट न बघता सरळ दवाखाना गाठावा. औषधाची बाटली सोबत न्यावी, लेबल फाटलेलं असलं तरी. ती कोणत्या वर्गातली आहे, यावर डॉक्टरांनी सुईत काय भरायचं ते ठरतं.